फळ्याच्या कोपऱ्यातल्या रेघा

गुरुवार, २७ नोव्हें.

थंडी वाढली. धाराशिवहून सकाळच्या गाडीत खिडकीची काच वर सरकत नव्हती, शाळेत पोचेपर्यंत कान दुखायला लागले.

पहिलीत आज दहापर्यंत मोजणी. चिंचोके झाले, खडे झाले, पोरांचं लक्ष नाही. तेवढ्यात ईश्वरीची करंगळी वर. "बाई, एकीला जाऊ?" परिपाठ होऊन वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पंधरवडा झाला, ही पोरगी डोकं उठवतेय. वय सहा, आणि उठल्यासुटल्या एकी.

मग सुचलं ते केलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक रेघ मारली. ती परत गेली, दुसरी रेघ. पोरांना म्हटलं, मोजा रे. मधल्या सुट्टीपर्यंत पाच, चार वाजेस्तोवर नऊ. अख्खा वर्ग एका सुरात, "साऽऽत! आऽऽठ!" शेवटच्या ओळीतल्या ज्या पोरांना तीनच्या पुढं येत नव्हतं ती नऊपर्यंत आली. फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, परिसरातून गणित. केंद्रप्रमुखांचा अंगठा. "उत्तम उपक्रम, मॅडम."

सातव्या वेळेनंतर ई. करंगळी वर करायच्या आधी फळ्याकडे बघत होती. मी ते बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

(समासात, २० डिसें.: हे पान फाडणार होते. राहू दे.)

शनिवार, २९ नोव्हें.

शाळेचं नवं शौचालय. पांढऱ्या फरश्या, बाहेरच्या भिंतीवर फुलपाखरं, 'स्वच्छता हाच खरा दागिना'. तालुक्याची समिती दहा तारखेला बघायला येणार. तोवर दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे, कारण मी स्वच्छता प्रमुख. मुलं रस्त्याच्या कडेला जातात, मुली भिंतीमागच्या बाभळीत. सातवीच्या पोरी जातच नाहीत. दिवसभर पाणी पीत नाहीत, विषय संपला.

हेडसरांचं म्हणणं खोटं नाही. गेल्या वर्षी जुनं उघडं ठेवलं तर आठ दिवसांत नळाची तोटी गेली, रात्री कुणी आत बाटल्या फोडल्या. "मॅडम, आपल्या गावाला चांगलं पचत नाही," म्हणाले.

मी दुपारी एक वाजता जाते. पोरं खिचडी खात असतात तेव्हा. पर्समधून किल्ली, कुलूप, आत, परत कुलूप. फिनेलचा वास येतो. हे कुणाला सांगितलं नाही, विचारलंही नाही कुणी.

खिचडी करणारी सुमन आज चुलीपाशी थांबवून म्हणाली. ती ईश्वरीची आई. नवरा मेंढरं घेऊन बाहेर असतो, आठ आठ महिने. "बाई वो, पोरगी घरी बी लई येळा जाती. रातचं हातरून भिजवाया लागलीय परत. दोन सालं झाली हुती सुटून."

मी काय म्हटलं ते लिहून ठेवते. म्हटलं, "सवय आहे, सुमनताई. थंडी पण आहे. लक्ष वेधून घ्यायचं असतं पोरांना. पाणी कमी द्या, संध्याकाळी सहानंतर तर द्यायचंच नाही."

तिनं मान डोलावली. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं.

बुधवार, ३ डिसें.

वाचनाच्या तासाला सतरंजी ओली. ई. बसली होती तिथं. पोरांनी नाकं धरली, एकानं "शीऽऽ" केलं की सगळ्यांनी. सतरंजी नवी, समितीसाठीच आणलेली. माझा पारा चढला.

तिला दाराजवळ खताच्या रिकाम्या पोत्यावर बसवलं. उरलेला दिवस तिथंच. वाटलं, थोडी शरम वाटू दे म्हणजे सुधारेल. ती रडली नाही. पाटी मांडीवर ठेवून फ्रॉक झाकत बसली होती.

करंगळी वर करायचा नियम केलाय मी: मधल्या सुट्टीआधी एकदा, नंतर एकदा. बास. तिनं आज तिसऱ्यांदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. म्हणजे सतरंजी तिनं भिजवली की मी? गाडीत हा विचार आला, वाटेतलं तेर येईपर्यंत झटकून टाकला.

घरी ह्यांना सांगितलं, सतरंजी खराब झाली म्हणून. पोत्याचं नाही सांगितलं. म्हणजे मला तेव्हाच कळत होतं.

बुधवार, १० डिसें.

समिती आली, गेली. चार माणसं, एक मॅडम. कुलूप सकाळी नऊला काढलं, अगरबत्ती लावली, साबणाची वडी नवी. मुलांना दोन दिवस पाठ करून घेतलं होतं: "शौचालय वापरता का?" "हो." "हात धुता का?" "हो."

मॅडमनी नेमकं ईश्वरीला विचारलं. "बाळ, तू वापरतेस का गं?" तिनं माझ्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाली. मग दार उघडं दिसलं तिला. पळतच गेली आत. पाटी हातातच.

समितीतले एक साहेब हसले. "बघा! हे असं पाहिजे. मुलांना हक्काचं वाटलं पाहिजे." मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

ई. बाहेर यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा चेहरा पांढरा. मी विचारलं नाही. साहेबांना चहा द्यायचा होता.

पाचला हेडसर म्हणाले, "जिल्ह्याची समिती अजून यायचीय. कुलूप राहू द्या." मी लावलं. फुलपाखराच्या पंखावर ओला हात उमटला होता, लहान. फडक्यानं पुसून काढला.

शुक्रवार, १९ डिसें.

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सुट्टी. सुमननं आठ दिवसांपासून लावलं होतं, "बाई, औंदा आमच्या रानात या जेवाया." धाराशिवहून ह्यांच्या गाडीवर गेले. एवढंसं रान, ज्वारी कमरेइतकी, कडब्याची खोप, पांडव म्हणून पुजायच्या पाच दगडांना चुना लावलेला. तिचा नवराही येळवशीपुरता मेंढरं भावावर टाकून आलेला. भज्जी, बाजरीचे उंडे, माठात आंबील. नवरा रान शिंपडायला गेला, ज्वारीवर आंबील उडवत, "ओलगे ओलगे" करत.

ई. आंबिलीच्या माठाला चिकटली. चौथ्या वाटीला सुमननं हात धरला तर पोरगी रडकुंडीला आली. सुमन मला म्हणाली, अगदी साधेपणानं, जणू माझं पुस्तक मला परत देतेय, "तुमी सांगितल्यापसून सांजच्याला तांब्या वर ठिवते फळीवर. तर परवा शेळीच्या घमेल्यातलं पेली वो ही. तोंड लावून."

माझ्या हातातला उंडा तसाच राहिला.

मग ज्वारीच्या कडेला गेली ती पोरगी. बसली. आणि ओरडली. रडणं नव्हे, ओरडणं. आईला धरून म्हणत होती, "आग हुतीय, आई, आग हुतीय." दोनच थेंब. परत पाच मिनिटांनी तेच. रानात कुणी तिला अडवत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं, म्हणून मला पहिल्यांदा दिसलं की ही पोरगी खेळायला म्हणून जात नाही. हात लावला तर अंग तापलेलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आग हुतीय म्हणती दिवाळीच्या म्होरपसून. ताप काल आला. मला वाटलं थंडीचा."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं की बाई."

खरंच सांगितलं होतं.

शनिवार, २० डिसें.

किरकोळ रजा टाकली. सुमन आणि ई. सकाळच्या गाडीनं आल्या, मी स्टँडवरून दवाखान्यात घेऊन गेले. लहान मुलांच्या डॉक्टर, बाईच आहेत, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. बोलणं हळू.

त्यांनी सगळं विचारलं. कधीपासून, तहान किती, वजन उतरलं का, ताप, पाठीत दुखतं का, शी रोज होते का, अंथरूण सुटून परत ओलं व्हायला लागलं का. बोटाला टोचून साखर बघितली. साखर ठीक निघाली. तेव्हा मला कळलं की त्या मधुमेहाची शंका घेत होत्या, आणि मी इतके दिवस नुसती सवयीची.

"दिवसातून किती वेळा जाते, काही अंदाज?"

सुमन म्हणाली, "लई येळा."

मी मोबाईल काढला. काय करतेय हे कळायच्या आत काढला. तो फोटो. फळ्याचा कोपरा, नऊ रेघा, खाली तारीख. डॉक्टर बघत राहिल्या. "अरे वा. बरं झालं मॅडम, तुम्ही नोंद ठेवली. आईवडील पण एवढं करत नाहीत."

मी "हो" म्हटलं. जीभ झडली नाही.

मग त्यांनी विचारलं, "शाळेत दाबून तर ठेवत नाही ना? बऱ्याच शाळांत संडास बंद असतात, मुली पाणीच पीत नाहीत. तुमच्याकडे उघडं असतं ना?"

"हो. नवीन आहे. उघडं असतं."

सुमननं माझ्याकडे बघितलं. फार नाही, एकदाच. मग खाली, स्वतःच्या चपलांकडे. ती रोज त्या कुलपासमोरून खिचडीचं पाणी नेते.

लघवी तपासली, पू पेशी भरपूर. पुढची तपासणी पाठवली, दोन दिवस लागतील. औषध सुरू. डॉक्टर सुमनला समजावत होत्या, मी भिंतीवरचं लसीकरणाचं कोष्टक वाचत होते. लेकरं कधी कधी उगाच वारंवार जातात, त्याचं भिण्यासारखं काही नसतं, आपोआप जातं. पण जळजळ, ताप, रक्त, पाठदुखी, न संपणारी तहान, वजन उतरणं, किंवा सुटलेलं अंथरूण परत ओलं, यातलं एक जरी असलं तरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी आणायचं. "आणि पाणी अजिबात तोडायचं नाही हं. कुणी सांगितलं होतं का पाणी कमी द्यायला?"

सुमन म्हणाली, "न्हाय. म्याच."

बाहेर दवाखान्याच्या संडासापाशी ई. दाराला हात लावून उभी. आत जायच्या आधी मला म्हणाली, "बाई, ह्याला कुलूप न्हाय?"

रविवार, २१ डिसें.

काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ती लेकराची आई. माझ्यासाठी खोटं बोलली. मी एका शब्दानं म्हटलं नाही की अहो, मी सांगितलं होतं. दुसऱ्याचं पोर पोत्यावर बसवायला माझा हात शिवशिवतो आणि तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ.

सोमवार, २२ डिसें.

शाळेत गेल्या गेल्या कुलूप काढलं. किल्ली पर्समध्ये ठेवली, कुलूपही. सातवीच्या पोरी लांबून बघत होत्या, जवळ येईनात. मी म्हटलं, जा की. एक गेली. मग रांग लागली.

बाराला हेडसर आले. ओरडले नाहीत, त्यांचा तो स्वभाव नाही. "मॅडम, जिल्ह्याची समिती तीसला येतेय. आठ दिवस. आठ दिवसांनी तुम्ही म्हणाल तसं. मी रिटायर होतोय मे महिन्यात, एवढं एक माझ्या हातून होऊ द्या." मग हात पुढं. "किल्ली द्या."

सर, ईश्वरी आजारी आहे, म्हटलं. कशामुळं आहे ते नाही म्हटलं.

किल्ली दिली. कुलूपही पर्समधून काढून दिलं. त्यांनीच लावलं.

ई. आली नाही. ताप उतरलाय म्हणे.

शनिवार, २७ डिसें.

आज सोनोग्राफी झाली. मी होतेच, सुमनला एकटीला धाराशिवचं काही उमजत नाही. उजव्या किडनीला थोडी सूज. आणि लघवी करून आल्यावरही पिशवीत बरीच शिल्लक राहते.

डॉक्टर कागद बघून म्हणाल्या, "दाबून ठेवायची सवय असती तर मी म्हटलं असतं, त्यानंच झालं. पण तसं नाही म्हणता तुम्ही. मग मुळातच काही दोष आहे का, लघवी उलट किडनीकडे जाते का, हे बघावं लागेल." त्यासाठी सोलापूरला तपासणी. लघवीच्या जागेतून नळी घालायची, औषध सोडायचं, फोटो काढायचे. "दुखतं थोडं. मुलं घाबरतात, धरून ठेवावं लागतं. पण गरज असली तर करायलाच हवं."

पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली. डॉक्टरांनी फोन करून घेतली, माझ्यासमोर.

मी समोर बसले होते. एक वाक्य. "मॅडम, आमच्या शाळेत संडासाला कुलूप असतं." आठ शब्दसुद्धा नाहीत. सुमन माझ्याकडे बघत होती की नव्हती, मी बघितलंच नाही.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. पोत्याचंही. हे म्हणाले, "तू एकटी कशाला अंगावर घेतेस? कुलूप हेडसरांचं." 

खरंय, कुलूप हेडसरांचं. रेघा माझ्या. पोतं माझं. पाणी मी तोडलं. "उघडं असतं" मी म्हटलं. ह्यांना म्हटलं, झोपा.

रविवार, २८ डिसें.

दुपारी गल्लीतल्या पोरी अंगणात ठिक्कर खेळत होत्या. मधेच एकजण "मी आले" म्हणून घरात पळाली, आली, परत लंगडी घालायला लागली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढंच असतं ते. एवढं साधं मी नऊ रेघांचं करून ठेवलं.

सांगितलं तर काय होईल? डॉक्टर कुणाला बोलतील. पेपरवाल्यांचे कान लांब असतात. खुलासा, चौकशी, हेडसरांचं पेन्शन अडकेल, मला कळंबच्या पलीकडे कुठं तरी फेकतील. सुमनचं काम जाईल कदाचित.

नाही सांगितलं तर शुक्रवारी त्या लेकराला धरून ठेवतील. धरणारी कदाचित मीच असेन.

सोमवार, २९ डिसें.

आधी सुमनला सांगायचं ठरवलं होतं. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "सुमनताई, मी डॉक्टरांना खोटं बोलले. कुलपाचं. त्यामुळं ती नळीची तपासणी लिहिलीय. आज मी खरं सांगणार."

ती म्हणाली, "मला म्हायती हाय की."

"मग तुम्ही का बोलला नाहीत तिथं? तुमची पोरगी आहे."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी शिकलेली माणसं. तुमी उघडं हाय म्हणलात, म्या बंद हाय कशी म्हणू? आन् खिचडीचं काम दर साली शाळेच्या सहीवर हाय. तुमी सांगताल असं वाटलं मला. शनवारी बी वाटलं. येताना गाडीत बी वाटलं."

नऊ दिवस ती वाट बघत होती माझी.

तिच्यासमोर फोन लावला, आवाज मोठा ठेवून, म्हणजे मला पळता येऊ नये. सगळं सांगितलं. कुलूप, करंगळीचा नियम, पोतं, पाण्याचंही. "पाणी मी तोडायला लावलं होतं, सुमनताईंनी नाही." फोटो कशाचा होता तेही.

डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, त्या फोटोसाठी मी तुमचं कौतुक केलं होतं."

"हो."

"आधी सांगायला हवं होतं."

"हो."

मग कामाचं बोलल्या. सोलापूर आत्ता थांबवते. आधी औषध पूर्ण करायचं, पाणी भरपूर, आणि दर दोन तासांनी घड्याळ बघून तिला पाठवायचं, लागो न लागो. ती मागायची वाट बघायची नाही. घाई करायची नाही, पूर्ण होऊ द्यायचं. सहा आठवड्यांनी परत सोनोग्राफी. "सूज उतरली तर ठीक. नाही उतरली तर मात्र तपासणी करावीच लागेल. खात्री देत नाही मी." आणि शेवटी, "नोंद ठेवा. किती वेळा जाते. आता खरी."

सुमननं पदरानं तोंड पुसलं आणि परत तांदूळ निवडायला बसली. मला माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. म्हणायलाच पाहिजे असं कुठं आहे.

मंगळवार, ३० डिसें.

समिती अकराला येणार होती. मी नऊला हेडसरांकडे किल्ली मागितली. "समिती येऊ द्या, लगेच उघडू." मी म्हटलं, समितीसाठी नको, पोरींसाठी पाहिजे. कायमची. ते म्हणाले, उद्या बोलू.

मी शौचालयापाशी गेले. कुलूप चांगलं मजबूत, कडी मात्र पत्र्याची. उभी राहिले नुसती. स्वयंपाकखोलीतून सुमन आली, हातात वरवंटा. माझ्या हातात दिला. मी तीन घाव घातले, चौथा तिनं घातला. कोयंडा निघून आला, रंगाचा टवका उडाला, एका फुलपाखराचं डोकं गेलं.

हेडसर व्हरांड्यात उभे. पन्नास पोरं बघतायत. "मॅडम, हे शोभतं का तुम्हाला?" म्हणाले. नाही शोभत. सर, गेले दोन महिने जे शोभत होतं ते काय होतं, हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं असतं तर बरं.

समितीनं तुटलेली कडी बघितली, फोटो काढला. निकाल कळेल.

मला लेखी नोटीस. तीन दिवसांत खुलासा. हेडसरांनी ती देताना नजर दिली नाही. त्यांचाही राग येत नाही मला. आम्ही दोघांनी मिळून फरशी सांभाळली.

शुक्रवार, २ जाने.

खुलासा लिहिला. पहिल्या कागदावर लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या आरोग्याच्या कारणास्तव'. वाचला. फाडला. त्यावरून कुणी दुसऱ्यानं केलं आणि मी वाचवलं असं वाटत होतं. दुसऱ्या कागदावर फळ्यावरच्या रेघांपासून सुरुवात केली. दोन पानं झाली. हेडसर वाचून म्हणाले, "एवढं कशाला लिहिलंत? कुणी विचारलं नव्हतं." पुढं पाठवला की ठेवून घेतला, माहीत नाही.

केंद्राच्या ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला गेले. निघेना, फार दिवस झालेत. तिथंच आहे. खाली अंगठेही.

सोमवार, ५ जाने.

ईश्वरी आली. नवीन स्वेटर, केसांना तेल. पोरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, कुणी हसायचं नाही, मोजायचं नाही. करंगळीचा नियम गेला, ज्याला लागेल त्यानं उठून जायचं. पोरं अशी बघत होती, बाईंना काय झालं.

पोतं मी सकाळीच फेकून दिलं होतं. ती आली आणि दाराजवळ गेली, जिथं तेव्हा पोतं होतं. नुसत्या फरशीवर बसली. मी हाताला धरून पुढच्या ओळीत आणलं. हात चोरून घेतला तिनं.

साडेबाराला म्हटलं, "ईश्वरी, जाऊन ये."

"न्हाय लागली, बाई."

अडीचला. "न्हाय लागली."

साडेचारला मांडीवर मांडी दाबून बसलेली स्पष्ट दिसत होती. "ईश्वरी, दार उघडंय गं. जा."

"न्हाय लागली." आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा कोराच होता. मी तिथं आता काहीच लिहीत नाही.

दिवसभरात एकदाही गेली नाही. पाणीही शाळेत घोटभर. महिन्यापूर्वी मला अशीच पोरगी पाहिजे होती. पुढच्या ओळीत, गप्प, एकदाही करंगळी वर न करणारी.

सुमन म्हणाली, "घरी जाती. हितं आली की आवळून धरती."

डॉक्टरांना फोन. "याचीच भीती असते," म्हणाल्या. "ओरडू नका, आग्रहही नको. तुम्ही स्वतः बरोबर जा."

मंगळवार, ६ जाने.

बरोबर गेले. दारापर्यंत आली, परत फिरली. दोनदा.

बुधवार, ७ जाने.

आज आधी मी गेले. तिला म्हटलं, "ईश्वरी, मला लागलीय, तू दारात उभी राहशील का? कडी नाहीये, कुणी येईल." तिला हे पटलं. उभी राहिली, पाठ करून, दोन्ही हातांनी दार ओढून धरून. मी आत होते तोवर एकदाही मागं बघितलं नाही. शाळेत पंधरा वर्षं झाली, पोरांच्या देखत मी पहिल्यांदाच गेले असेन.

बाहेर आले. म्हटलं, "आता तू जा, मी धरते."

थोडा वेळ विचार केला तिनं. आत गेली. मी दार धरून उभी. समोर चूल पेटलेली, सुमन खिचडी ढवळता ढवळता थांबलेली.

आत काहीच नाही. बराच वेळ. मग आतून आवाज, "बाई, हायसा का?"

"आहे."

"बाई, रेघ मारताव व्हय?"

"नाही गं."

"एक बी न्हाय?"

"एकसुद्धा नाही."

परत शांत. मग आवाज आला, थोडा, थांबून परत थोडा. पूर्ण झालं की नाही मला कळलं नाही. विचारलं नाही. बाहेर येऊन तिनं हात धुतले आणि पळत वर्गात गेली, माझ्याकडे न बघता.

पुन्हा खोटंच बोलले तिच्याशी. डॉक्टरांनी मोजायला सांगितलंय, फेब्रुवारीत सोनोग्राफीला हा कागद न्यायचाय. फळ्यावर नाही मारली. इथं मारते, ह्या वहीत, बारीक, पेन्सिलीनं.

बुध. ७, शाळेत: ।